सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस

कुकरची रिंग गेली म्हणून मला त्या वह्या सापडल्या.

निवृत्त होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि बायको जाऊन दोन वर्षं. ती गेल्यापासून, कंपनीत मेंटेनन्सला होतो तोवर, दोन्ही वेळचं कॅन्टीनमध्येच खायचो, घरी फक्त चहा करायचो. आता भात लावायची वेळ आली तर कुकरची शिट्टीच होईना, सगळी वाफ बाजूने. ती एखादी जादा रिंग आणून ठेवायची हे मला माहीत होतं, कुठे ठेवायची हे माहीत नव्हतं. म्हणून ओट्याखालचं कपाट उघडलं. मिक्सरच्या मागे, पिठाच्या डब्याला टेकून तीन जाड वह्या उभ्या होत्या. लपवलेल्या नव्हत्या. कोणीही हात घातला असता तर लागल्या असत्या. मुलुंड पूर्वेच्या या घरात आम्ही बावीस वर्षं राहिलो आणि त्या कपाटात माझा हात कधी गेला नव्हता, एवढंच.

मला वाटलं, पदार्थांच्या कृती लिहिल्या असतील. उघडून बघतो तर पानंच्या पानं भागाकार. शाळेत घालायचो तसे उभे भागाकार, पेन्सिलने, एका पानावर चार. तिसऱ्या वहीत तर प्रत्येक भागाकारात आत तीच संख्या होती: ७३९३९१३३. पान उलटलं की पुन्हा तीच. बाहेरचा आकडा बदलत जायचा, आतला नाही.

आठ आकडे. आपल्याकडच्या लँडलाइनला आठ आकडे असतात. खरं तेच सांगतो, पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की हा कोणाचा तरी फोन नंबर आहे. माझी बायको कोणाचा तरी नंबर शेकडो वेळा लिहीत बसली होती. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी तो नंबर फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं पलीकडची बाई तीन भाषांत म्हणाली. मी फोन ठेवला आणि मला माझी लाज वाटली. मेलेल्या बायकोवर संशय घेणारा माणूस, तोही हातात कुकरचं झाकण घेऊन.

पहिल्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर तिच्या अक्षरात एक ओळ होती. 'बाईंना विचारणे – ९१ मूळ का नाही?' खाली दुसऱ्या अक्षरात, लाल पेनाने, '७ × १३. घाई करू नये.'

बाई म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, मूळच्या विदर्भातल्या, लग्न न केलेल्या. त्यांचे गुडघे गेल्यापासून माझी बायको दुपारी त्यांना जेवणाचा डबा नेऊन द्यायची, हे मला माहीत होतं. डबा देऊन ती खाली येते असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी वही घेऊन मी वर गेलो. इतक्या वर्षांत बाईंशी माझं बोलणं जिन्यात 'काय, बरं आहे ना?' यापलीकडे गेलं नव्हतं. त्यांनी काठी टेकत दार उघडलं. माझ्या हातातली वही बघितली आणि म्हणाल्या, "दोन वर्षं लागली होय तुम्हाला?"

मी वही पुढे केली.

"या. बसा. मला वाटलं रद्दीत गेल्या."

मी विचारलं, "बाई, हे काय आहे?"

"तिने सांगितलं नाही?"

"नाही."

मग टेबलावरचा एक कागद ओढून त्यांनी ती संख्या मोठ्या अक्षरात लिहिली आणि मला वाचायला लावली. एकं दहं शतं करत मी वाचली. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

"मूळ संख्या म्हणजे काय, आठवतं? एक आणि ती स्वतः, याशिवाय जिला कोणी भागत नाही ती. बाकी कोणीही भागायला गेलं तर काहीतरी उरतं. बरोबर? आता बघा." त्यांनी शेवटचा ३ खोडला. "उरली ७३९३९१३. ही मूळ आहे. अजून एक ३ खोडते. ७३९३९१. हीसुद्धा मूळ. ७३९३९, मूळ. ७३९३, ७३९, ७३. आणि शेवटी ७. कुठेही थांबा, भाग जात नाही."

"आणि ती पूर्ण आठ आकडी?"

"तेच तर तुमची बायको बघत होती."

ते सगळं कसं सुरू झालं ते बाईंनी सांगितलं. एकदा बायको डबा घेऊन गेली तेव्हा बाई एका जुन्या पुस्तकातून काहीतरी उतरवून घेत होत्या. ती मागे उभी राहून बघत होती आणि मध्येच म्हणाली, "बाई, तुमची बाकी चुकली." खरंच चुकली होती. त्या दिवसापासून ती रोज तासभर बसायची. बाईंनी तिला आधी लहान मूळ संख्या शोधायला शिकवलं. पहिल्या वहीच्या सुरुवातीला तिने एक ते आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतचे आकडे चौकोनात मांडले होते, दोनने जाणारे खोडले, तीनने जाणारे खोडले, असं करत करत फक्त मूळ संख्या शिल्लक ठेवल्या. हजारावर सत्तर. मग बाईंनी तिला ७ पासून एकेक आकडा जोडत ही साखळी दिली. प्रत्येक वेळी ती स्वतः तपासून बघायची, मगच पुढचा आकडा घ्यायची. सात आकड्यांच्या संख्येलाच तिला दीड वर्ष लागलं. मग बाईंनी शेवटचा ३ दिला.

"मी तिला म्हटलं, अगं, मोबाईलवर टाकलंस तर एका सेकंदात कळतं. नाहीतर मी सांगते. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाली, नको, मी बघते."

"पण सगळ्या संख्यांनी भागायचं म्हणजे किती..."

"सगळ्यांनी नाही. फक्त मूळ संख्यांनी. आणि तेही आठ हजार सहाशेच्या अलीकडे थांबायचं. भाजक वाढत जातो तसा भागाकार लहान होत जातो ना? तो भाजकाच्या खाली गेला की पुढे बघण्यात अर्थ नाही. त्यापुढचा कोणी भागत असता तर त्याचा जोडीदार आधीच सापडला असता."

मला ते लगेच कळलं नाही. दोनदा समजावून घेतलं.

उठताना बाई म्हणाल्या, "एकदा मी तिला विचारलं होतं, नवऱ्याला दाखवतेस का गं? तर म्हणाली, ते दमून येतात."

खाली येऊन मी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. ५८५१ ने भागून झालं होतं, बाकी ४६. मग ५८५७ घेतले होते. एकदा, मग दोनदा, मग सहादा. १२६ लिहून खाली वजाबाकी केलेली, १४०९. तिथे ते थांबलं होतं. पुढचा ३ खाली उतरवलेला नव्हता. त्याच दिवशी असेल, तिला ताप भरला आणि तिने स्वयंपाकही अर्धवट सोडून गॅस बंद करून ठेवला होता. अकराव्या दिवशी ती हॉस्पिटलमध्येच वारली.

मी पेन्सिल शोधली. ३ उतरवला. १४०९३, दोनदा. वजा केले. पुढचा ३ उतरवला. २३७९३, चारदा. बाकी ३६५. एवढ्याला मला पाऊण तास लागला आणि तीनदा खोडावं लागलं. मी दहावी होऊन आयटीआय केलेला माणूस, आयुष्यभर मोटारी आणि पंप दुरुस्त केले, भागाकार करायची वेळ आली की कॅल्क्युलेटर. पण त्या दिवशी मला कॅल्क्युलेटर घ्यावासा वाटला नाही. तिने घेतला नव्हता.

पहिल्या वहीतल्या मूळ संख्यांच्या यादीत तिने टिकमार्क न केलेल्या संख्या मोजल्या. मी केलेली ती एक धरून तीनशे एक होत्या.

मग माझ्या दुपारी त्यातच जायला लागल्या. जेवण झालं की ताट विसळायचं, टेबल पुसायचं, बसायचं. सुरुवातीला चार व्हायचे, मग सहा. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी दोन ते पाच कोणी नसतं. मुलं शाळेत, माणसं कामावर. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवतं तेवढाच आवाज. मी ड्युटीवर असताना ही रोज याच टेबलावर, याच शांततेत बसायची. आम्हाला मूल नव्हतं. मला ओव्हरटाइम असायचा, मित्र होते, कॅन्टीन होतं, युनियनची भांडणं होती. घरी आल्यावर मी विचारायचो, "काय केलंस दिवसभर?" आणि उत्तराची वाट न बघता टीव्ही लावायचो. ती म्हणायची, "काय नाय."

एकदा तिने सांगायचा प्रयत्न केला होता, हे मला भागाकार करता करताच आठवलं. रविवार होता, मी मॅच बघत जेवत होतो. ती समोर बसून म्हणाली, "अहो, कोट्यवधीचा आकडा आहे आणि त्याला कोणीच भागू शकत नाही, असं होईल का हो?"

मी म्हणालो, "कोणीतरी भागेलच की. आमटीत मीठ कमी पडलंय."

तिने मीठ आणून दिलं. विषय संपला. तेव्हा मला तो विषय वाटलाही नव्हता.

हे आठवलं त्या दिवशी माझा एकही भागाकार झाला नाही.

आठवड्यातून दोनदा मी बाईंकडे जायचो, वही दाखवायला. डबाही नेऊ लागलो, पण माझा स्वयंपाक म्हणजे खिचडी आणि बटाटा. बाई खायच्या, काही बोलायच्या नाहीत. वही मात्र बारकाईने बघायच्या. लाल पेनाने चुकीवर गोल करायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, सात नव्वे किती?" साठीचा माणूस मी, मान खाली घालून "त्रेसष्ट" म्हणायचो.

तिच्याविषयी विचारलं की त्या थोडं थोडं सांगायच्या. चूक सापडली की ती मालवणीत ओरडायची, "गावली, बाई, गावली!" कधी पेन्सिल तोंडात धरून खिडकीबाहेर बघत बसायची. मला हे कोणी अनोळखी बाईबद्दल सांगतंय असं वाटायचं. घरात ती ओरडल्याचं मला आठवत नाही.

महिना-सव्वा महिना झाला असेल. सात हजाराच्या थोडा पुढे गेलो होतो. एका भागाकारात शेवटची वजाबाकी केली आणि खाली शून्य आलं.

मी पुन्हा बघितलं. शून्यच. बाकी नाही. भाग गेला होता.

कोणाला हसू येईल, एका आकड्याला भाग गेला तर काय होतं? पण ती साडेसातशेच्यावर भागाकार करत तिथवर आली होती आणि एकदाही शून्य आलं नव्हतं. माझ्या हातून आलं. 'कोणीतरी भागेलच की' असं मी म्हणालो होतो आणि तेच खरं करून दाखवलं होतं, असं मला वाटलं. तशीच वही उचलून जिना चढलो. चप्पल घालायची राहिली.

"बाई, गेला."

"काय गेला?"

"भाग गेला. बघा. मूळ नाहीये ती. उगाच..." मी पान उघडून पुढे केलं.

बाईंनी चष्मा लावला. पान बघितलं. लाल पेन हातात होतं, पण त्यांनी काही खूण केली नाही. वही मिटून मला परत दिली. "पुन्हा करा."

"तीनदा बघितलं."

"बघितलंत. केलं नाही. नवीन पान घ्या आणि इथे माझ्यासमोर पुन्हा करा."

मी त्यांच्या टेबलाशी बसलो. एक एक आकडा उतरवला, एक एक वजाबाकी मोठ्याने बोलत केली. तिसऱ्या पायरीला मी हातचा घेतला आणि थांबलो. जुन्या पानावर त्या जागी हातचा घेतलेला नव्हता. त्याच्या खालच्या ओळीत तर ९ चा ७ झाला होता. दोन चुका अशा बेताने जुळल्या होत्या की शेवटी शून्य उरलं. या वेळी चार आकडी बाकी उरली, चांगली घसघशीत.

"गावली?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली. मग मला रडू आलं. बायको गेली तेव्हा हॉस्पिटलचे कागद, स्मशान, गावाकडचे नातेवाईक, सगळ्यांचं जेवणखाण, या धावपळीत मी रडलो नव्हतो. नंतर ड्युटी होती. त्या दुपारी परक्या बाईंच्या घरात, अनवाणी, पुढ्यात भागाकार ठेवून मी बराच वेळ रडलो. बाई उठून आत गेल्या. चहा ठेवल्याचा आवाज आला. साखर जरा जास्तच घातली होती.

त्यानंतर मी रोज पाचच करायचो, पण प्रत्येक दोनदा. यादीतला शेवटचा आकडा ८५९७ होता. तो एका मंगळवारी आला. आठदा, सहादा, शून्य, शून्य. भागाकार ८६००, बाकी ४९३३. भागाकार भाजकापेक्षा जेमतेम तीनने मोठा. पुढचा मूळ आकडा ८५९९. तो कच्च्या कागदावर घालून बघितला तर भागाकार ८५९८ आला, भाजकाच्या खाली. बाईंनी सांगितलेली थांबायची जागा आली होती.

म्हणजे तिला कोणीच भागत नाही.

मी खुर्चीवर तसाच बसून राहिलो. टिकमार्क केला. खिडकीतून खाली बघितलं, वॉचमन नळी लावून गाड्या धूत होता. हे कोणालातरी सांगावंसं वाटत होतं आणि सांगायला एकच माणूस होतं.

बाईंनी शेवटची दहा पानं तपासली. मग तिसऱ्या वहीच्या शेवटी लाल पेनाने 'मूळ' असं लिहिलं आणि खाली सही केली. वर्गात करत असतील तशी, पूर्ण नावाची.

"आता सांगते," त्या म्हणाल्या. "अशी साखळी इथेच संपते. याच्यापुढे कुठलाही आकडा जोडा, भाग जातो. एक जोडलात किंवा सात जोडलात तर तीननेच जातो, बेरीज करून बघा. तीन आणि नऊ जोडून बघायला जरा जास्त कष्ट पडतात, पण तेही जातात. आणि दुसरीकडून सुरू करूनही याच्याहून मोठी कोणाला मिळत नाही, कारण ती नाहीच. अशा संख्यांमधली ही सगळ्यात मोठी."

"हे तिला माहीत होतं?"

"नाही. हे मी तिला शेवटी सांगणार होते. बक्षीस म्हणून."

मी ते बक्षीस घेऊन खाली आलो.

पावसाळ्यानंतर बाई नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या. जिना आता त्यांना जमत नव्हता. मी त्यांची पुस्तकं खोक्यांत भरून दिली, टेम्पोत चढवली. जाताना म्हणाल्या, "दुसरी देऊ का एखादी?" मी नको म्हणालो. त्यांनीही आग्रह केला नाही. त्यांच्या जागी आता एक नवरा-बायको भाड्याने राहतात, दोघंही सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. दुपारी तिसरा मजलाही गप्प असतो.

मध्ये एकदा मेहुणीचा फोन आला, कुडाळहून. बायकोच्या धाकट्या बहिणीचा. सणासुदीला करते, ख्यालीखुशाली विचारते, दोन मिनिटांत ठेवते. त्या दिवशी कसं कोण जाणे, मी तिला वह्यांचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चकित होईल. ती म्हणाली, "तां काय नवीन नाय. तिचो गणितात कायम पयलो नंबर. नववीत शाळा सोडल्यान तेव्हा मास्तर घराकडे इल्ले, सोडू नका म्हणान सांगूक. तुमका म्हायत नाय होता?"

मी नाही म्हणालो.

तिला वाटलं असेल आता मी फोन ठेवतो. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "मास्तर आले तेव्हा काय झालं? सगळं सांग, मला वेळ आहे."

ती सांगत गेली. मास्तर ओसरीवर बसले होते, ही दाराआड उभी होती, वडील मुंबईला गिरणीत, आई आजारी, घरात बघायला कोणी नाही. मास्तर गेल्यावर तिने वह्या गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या. रडली नाही. संध्याकाळी गुरांना पाणी दाखवलं. अर्धा तास मेहुणी बोलत होती, मी मध्ये एकदाही बोललो नाही.

फोन ठेवला तेव्हा पावणेचार वाजले होते. मी उठून चहा ठेवला, एक कप.